सल्लागारांना फवारणी शिकवायची आहे: औषधापासून सुरू करू की पंपापासून?

रामबागकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. मी इथल्या एका संस्थेत काम करते. सांवेर आणि देपालपूरकडच्या गावांतली पंचवीसेक मुलंमुली आम्ही शेती-सल्लागार म्हणून घेतली आहेत. बहुतेक शेतकऱ्यांच्याच घरची, बारावी किंवा बीएस्सी झालेली. पुढच्या आठवड्यात त्यांचं दोन दिवसांचं फवारणीचं प्रशिक्षण आहे. सोयाबीन गुडघ्याला आलंय, चक्रीभुंगा ही कीड दिसायला लागलीय, गावातून फोन सुरू झालेत.
आधीच्या एका प्रशिक्षणाला मी स्वतः बसले होते. दिवसभर पडद्यावर औषधांची नावं, शेवटी सगळ्यांना एकेक मास्क, फोटो आणि समोसे. तसं नको आहे. सुरुवात कुठून करू? मुलं तर आत्तापासूनच विचारतात, "मॅडम, पंपाला किती टाकायचं ते सांगा."

पंपवाले काका
ताई, "पंपाला किती" हाच प्रश्न त्यांच्या डोक्यातून काढायचा आहे. पहिला अख्खा दिवस औषधाची बाटली उघडू नका. साधं पाणी, मापाचा जग, दोरी आणि खुंट्या, एवढंच न्या.
शेतात १० मीटर बाय १० मीटर चौकोन आखा. पंप खुणेपर्यंत भरा, रोजच्या चालीने चौकोन फवारायला सांगा, मग पुन्हा खुणेपर्यंत भरताना किती पाणी लागलं ते मोजा. ५ लिटर लागलं तर हेक्टरी ५०० लिटर झालं. पाठीवरच्या पंपाने सोयाबीनला साधारण तेवढंच हवं. पण एखादा गडी भराभरा चालतो आणि ३ लिटरमध्ये चौकोन उरकतो. आता १६ लिटरचा पंप पहिल्याचा ३२० चौरस मीटरला पुरतो, दुसऱ्याचा ५३३ ला.
क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे कीटकनाशक सोयाबीनला हेक्टरी १५० मिली आहे. पहिल्याने पंपाला ४.८ मिली टाकायला हवं, दुसऱ्याने ८. दोघांनाही दुकानातून "पाच मिली" सांगितलं, तर दुसऱ्याच्या शेतात हेक्टरी ९४ मिलीच पडलं. अळी मरत नाही, शेतकरी म्हणतो औषध डुप्लिकेट होतं, आणि पुढच्या खेपेला दोन औषधं एकत्र करून मारतो. हा हिशेब पोरांना स्वतःच्या वहीत करू द्या, फळ्यावर तयार देऊ नका. आणि बिघ्यात करू नका, बिघा गावागणिक बदलतो. चौरस मीटर धरा.
मग नोझल. कीटकनाशकाला हॉलो कोन, म्हणजे पोकळ शंकूसारखा फवारा, तणनाशकाला फ्लॅट फॅन, म्हणजे चपटा पंख्यासारखा. प्रत्येकाला आपल्या पंपाचं नोझल खोलायला लावा. निम्म्यांची छिद्रं झिजलेली निघतील, कारण घरी बाभळीच्या काट्याने नाहीतर तारेने साफ करतात. नवीन नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी सोडायला लागलं की बदलायचं. मिनिटभर जगात धार धरली की कळतं. बुजलं तर जुना दात घासायचा ब्रश वापरा. तोंडाने फुंकणारा दिसला की तिथेच थांबवा, मग तो बापाच्या वयाचा का असेना.
बॅटरीचा पंप असेल तर ताज्या चार्जिंगला आणि उतरत्या चार्जिंगला, दोन्ही वेळा मोजा. फरक बघून पोरं गप्प होतात.

देपालपूरचा दुकानदार
काका, मानलं. पण दुकानात सकाळी आठला गर्दी असते, तिथे कोण चौकोन आखणार? गिऱ्हाईक म्हणतं, "भिया, ढक्कन सांग," म्हणजे बाटलीच्या झाकणाने पंपाला किती टाकायचं ते. मी हैदराबादच्या मॅनेज या कृषी विस्तार संस्थेचा देसी, म्हणजे खत-औषध विक्रेत्यांसाठीचा डिप्लोमा केलाय, ४८ आठवडे, बाजार बंद असेल त्या दिवशी वर्ग. सगळं शिकवतात. तरी शेवटी माझ्या हातात ढक्कनच राहतं. सल्लागारांनी आपल्या गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचा "चौकोनाला किती लिटर" हा एक आकडा चिठ्ठीवर लिहून दिला, तर पंपाचं माप मी दुकानात दोन मिनिटांत काढून देईन.

पंपवाले काका
हे माझ्यापेक्षा बरं सांगितलंत. ताई, ही चिठ्ठी छापून घ्या.

नर्सबाई, सुदामानगर
मी शेतीतली नाही, पण फवारणीचे पेशंट बघितलेत. २०१७ मध्ये यवतमाळला वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली कपाशी, मिसळलेली औषधं, अंगावर भिजलेले कपडे. मास्क तर द्याच, पण विष मुख्यतः कातडीतून जातं, हे कोणी नीट सांगत नाही. नायट्रिलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे हातमोजे द्या, कापडी नकोत, ते औषध धरून ठेवतात. बाटलीतून मापून ओतताना तर हवेतच, औषध तेव्हा सगळ्यात कडक असतं. डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा या क्रमाने सौम्य होत जातो, पण हिरवा म्हणजे उघड्या हाताने ढवळायची परवानगी नव्हे.
कोणाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या दिसल्या, तर कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा आणि थेट दवाखाना. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. दूध पाजू नका, उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्या. डॉक्टरला पहिल्यांदा तेच लागतं आणि नेमकं तेच कोणी आणत नाही.

रामबागकर
सगळ्यांचे आभार. पहिला दिवस फक्त पाणी, ठरलं. दुसऱ्या दिवशी लेबल वाचन आणि नर्सबाईंचं सगळं. वाऱ्याचं कसं दाखवू? आणि शेत मिळालं नाही तर शाळेचं मैदान चालेल का?

पंपवाले काका
मैदान नको. तिथे पोरं परेडसारखी चालतील, गुडघाभर सोयाबीनमध्ये आणि काळ्या चिखलात चाल वेगळीच पडते. एखाद्या सल्लागाराच्या घरचंच शेत मागा, साध्या पाण्याला कोण नाही म्हणेल?
वाऱ्यासाठी काठीला सुती दोरा बांधा. दोरा लोंबतोय तोवर ठीक समजू नका, अगदी निपचित हवेतही बारीक थेंब अधांतरी राहून भलतीकडे जातात. हलकी झुळूक हवी. वारा ज्या कडेला जातो तिथून सुरुवात करायची, आणि ओळी वाऱ्याला आडव्या घ्यायच्या, म्हणजे फवारलेल्या भागात पुन्हा शिरावं लागत नाही. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात.
आणि पंप संस्थेचे नवे देऊ नका. ज्याने त्याने घरचा आणायचा, गळका असला तरी. वॉशर आणि नोझल बदलायला थोडे पैसे बाजूला ठेवा, समोशांतून काढा हवं तर.