बारावी सोडून कूलरच्या दुकानात बसतो म्हणतो पोरगा. शाळा खरंच कामी येते का?

मानेवाड्याची_आई

नमस्कार. मुलाची अकरावी सायन्स आत्ताच संपली. नाव एका ज्युनिअर कॉलेजात आहे, पण तिकडे तो प्रॅक्टिकलच्या तारखा विचारायला जातो तेवढाच. सकाळपासून दुपारपर्यंत क्लास, घरी आला की टेस्ट सिरीज. ही सगळी सोय क्लासवाल्यांनीच करून दिली होती. आजकाल आपल्याकडे बहुतेकांचं असंच चालतं, म्हणून आम्हीही हो म्हटलं.

माझ्या भावाचं हिंगण्याकडे कूलर आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. होळीनंतर कूलर काढायची घाई सुरू झाली तेव्हा मुलगा संध्याकाळी मामाला मदत करायला जाऊ लागला. आता म्हणतो, बारावी करत नाही, मामाकडेच लागतो. "इतकी वर्षं शाळेत गेलो, सांग मला काय येतं?" मी म्हटलं, अरे, दहावीला ८७ टक्के आले तुला! तर म्हणतो, "टक्के येतात, काम येत नाही. टॅक्स, बँक, कशातलंच काही शिकवलं नाही कोणी."

त्याच्या बाबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलंय. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं आणि ब्लाऊज शिवते, त्यामुळे मलाही त्याला ठासून काही सांगता येईना.

उपदेश नको. ज्यांनी हाताखाली पोरं ठेवली आहेत त्यांनी सांगावं, शिकलेल्या आणि न शिकलेल्या पोरात कामावर फरक पडतो का?

ऑरेंजसिटी_मेकॅनिकल

ताई, मी मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात लेथला हात लावला तो जर्नल भरण्यापुरता, आणि तेही मागच्या बॅचचं पाहून. आज हेडफोन लावून लोकांच्या बिलाच्या तक्रारी ऐकतो. घरचे अजून पाहुण्यांना "इंजिनिअर आहे" सांगतात. तुमचा पोट्टा आमच्यापेक्षा लवकर शहाणा झाला. जाऊ द्या त्याला.

वाइंडिंगवाला

ताई, तुम्ही विचारलं ते आमच्यासारख्यालेच विचारलं, म्हणून लिहून राहिलो. रिंगरोडले माझं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या मोटरा आणि टुल्लू पंप, बाकी वर्षभर काटोल-कळमेश्वरकडच्या संत्रावाल्यांचे मोनोब्लॉक आणि सबमर्सिबल. मी स्वतः दहावी आणि आयटीआय इलेक्ट्रिशियन. हाताखालून बरेच पोट्टे गेले. नववी सोडलेले, बारावी नापास, बी.कॉम. झालेले, एक तर इंजिनिअरिंग अर्धं टाकून आलेला.

वरचा भाऊ म्हणते, जाऊ द्या. मी तसं म्हणणार नाही. पण "शिक्षणाशिवाय पर्याय नाही" वगैरेही म्हणणार नाही, ते भाषणात ऐकायले बरं वाटते.

सुरुवातीचे काही महिने शाळेचा फायदा दिसतच नाही. उलट शाळा सोडलेला पोट्टा पुढे असते. हात चालते, लाजत नाही, जळक्या वार्निशच्या वासाले नाक मुरडत नाही, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलते. बारावीवाला नुसता उभा. "काका, आता काय करू?" अबे, समोर मोटर पडून आहे, खोल ना! ही उभं राहायची सवय शाळेनंच लावली, हे मी छातीठोक सांगतो. तिथं प्रश्न कोणीतरी काढून देते आणि उत्तर धड्याच्या आतच कुठंतरी असते. माझ्याकडे गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "गुणगुणते, पण फिरत नाही." बस, एवढंच. कंडेन्सर गेला, बुश जाम झाला, का स्टार्टिंगची कॉइल तुटली, हे तुम्हीच शोधायचं. आणि तेही तो बाहेर स्कूटरवर बसून "किती वेळ लागंल" विचारत असताना.

फरक पडते तो वहीपाशी. जळालेली मोटर आली की जुनी कॉइल कापायच्या आधी तिचा डेटा उतरवावा लागते. स्लॉट, म्हणजे तार भरायच्या खाचा किती, पीच काय, म्हणजे कॉइल किती खाचा ओलांडून बसते, एका कॉइलले टर्न, म्हणजे वेढे किती, तार कोणत्या गेजची, म्हणजे किती जाड, रनिंगची वेगळी, स्टार्टिंगची वेगळी, जोडणी कशी. कॉइल एकदा कापून भंगारात गेली की मग विचारायचं कोणाले? टर्न कमी पडले तरी मोटर फिरते. शेतकरी खुशीत घेऊन जाते, मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि ऐन ओलिताच्या वेळेस जळून परत येते. मग त्याच्या तोंडचं ऐका. गेजचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे उलटं डोक्यात बसलं पाहिजे. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा वाचता आला पाहिजे. म्हणजे दशांश अपूर्णांक झाला ना, ताई. पाचवी-सहावीतला.

माझ्याकडे एक पोट्टा होता, आठवीतून सुटलेला. काय हात होता त्याचा! स्लॉटात पेपर सरकवून तार भरायले बसला की एक वेढा दुसऱ्यावर चढत नव्हता. मी म्हातारा होईस्तोवर तशी कॉइल मले जमणार नाही. पण वही मीच लिहायचो. आकडे त्याले येत होते, पण तक्ता आखून दिला की पेन खाली ठेवायचा. त्याच्या मागून एक बारावीवाला आला. हातानं त्याच्या निम्माही नाही. आज त्या दुसऱ्याचं स्वतःचं दुकान आहे आणि पहिला अजून रोजीवर आहे.

कारण दुकान टाकतो म्हटलं की सगळी वहीच वही. भाडेकरार, करंट अकाउंट, तारवाल्याची उधारी, कोटेशन. ग्रामपंचायतीचं पाण्याच्या मोटरीचं काम घ्यायचं तर पक्कं बिल मागतात. पहिल्याले मी स्वतः म्हटलं होतं, तू टाक दुकान, माल मी देतो. तर म्हणते, "काका, तुमच्याच नावावर राहू द्या ना." त्या पोट्ट्याले कागदाची भीती बसली होती, आणि वयाच्या तिशीत ती निघत नाही. मी करून पाहिलं.

आता बारावीवाल्याचंही सांगतो, नाहीतर शाळावाले खूश होतील. दहावीच्या विज्ञानात विद्युत मोटर आहे, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. त्याले तोंडपाठ. मी मोटर उघडून समोर ठेवली आणि म्हटलं, दाखव यात तुझा फ्लेमिंग. तीन बोटं पसरून उभा राहिला. पुस्तकातल्या मोटरीले ब्रश असतात, आणि पंपाची इंडक्शन मोटर बिनब्रशची, तिच्या रोटरले बाहेरून तारच जोडलेली नसते. "काका, मग याच्यात करंट येते कुठून?" असं त्यानं विचारलं त्या दिवशी मले वाटलं, हा टिकणार. आठवीवाल्यानं ते कधीच विचारलं नाही. विचारायले आधी डोक्यात काहीतरी असावं लागते, त्याच्याशी न जुळणारं काही दिसलं की मगच प्रश्न पडते. शाळेनं त्याले तेवढं दिलं होतं. अर्धवट दिलं, पण दिलं.

तुमच्या पोट्ट्याची बारावी होऊ द्या. आणि दुकानही सोडवू नका.

निवृत्त_गुरुजी_उमरेड

वाइंडिंगवाल्या भाऊंचं लिहिणं वाचून बरं वाटलं. मी जन्मभर गणित शिकवलं, तेव्हा एका गोष्टीवर बोलतो.

"शाळेत टॅक्स शिकवत नाहीत" हे मुलं मोबाईलवर ऐकून बोलतात. ताई, चिरंजीवांना त्यांचं गणिताचं पुस्तक काढायला सांगा. आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या भाग १ मध्ये 'अर्थनियोजन' नावाचं प्रकरण आहे, त्यात आयकर आहे. दहावीला त्याच नावाचं प्रकरण पुन्हा आहे, त्यात जीएसटी आणि शेअर्स आहेत. राज्यातल्या राज्यात माल घेतला तर १८ टक्क्यांचे ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे, हे त्या ८७ टक्केवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं असणार. आता मामाच्या दुकानातलं तारेचं एक बिल त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, छिंदवाड्याहून माल आला असता तर या बिलात काय बदललं असतं?

सांगता आलं नाही तर दोष पुस्तकाचा नाही. वर्गात बिल येत नाही, प्रश्नाचा साचा येतो. मार्च जवळ आला की मुख्याध्यापकही विचारतात, "सराव पेपर किती झाले?"

यापेक्षा मोठं दुखणं वेगळंच आहे. प्रथम संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातली १४ ते १८ वर्षांची मुलं तपासली होती. त्यांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सरळ वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून अधिकांना जमलं नाही. यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली. भाऊ म्हणतात ती कागदाची भीती शाळा सोडल्यामुळेच बसते असं नाही, शाळेत बसूनही बसते. त्यांच्या आठवीवाल्यानं शाळा सोडली, की शाळेनं त्याला आधीच सोडलं होतं, हे मला विचारायचंय.

आणि हातानं काम करत शिकणं आपल्याला परकं नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि नई तालीम तिथून निघाली. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं. म्हणजे सूत कातता कातता लांबी, वजन, सरासरी, कापसाचा भूगोल, सगळं त्यातूनच. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा त्याच विचारावर २००५ पासून चालते. नागपूरहून दीड-दोन तासांचा रस्ता. पण आपली पोरं तिकडे सहलीला जातात, बापूकुटीपुढे फोटो काढतात आणि परत येऊन क्लासला बसतात. हस्तोद्योग म्हटलं की पालकांना वाटतं, हे गरिबाच्या पोरांसाठी, आपलं पोरगं खुर्चीवर बसणार.

बुटीबोरी_सी_शिफ्ट

सगळ्यांचं बरोबर आहे, पण गेटवर काय होतं ते सांगतो. मी कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर आहे.

काम येतं हे दाखवायला आधी आत यावं लागतं. कागद नसेल तर ठेकेदाराकडून आत येता. मग कितीही हुशार असा, काम बारा महिन्यांचं नाही, आणि पॅनेलला हात लावायची परवानगी नाही. आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आलेल्या पोराला तेच पॅनेल उघडून दाखवतात. हुशारीत फरक नसतो, कागदात असतो. हे न्याय्य आहे का? नाही. पण आहे.

आणि लॉगबुक. रात्रपाळीत कोणती मोटर ट्रिप झाली, किती वाजता, काय केलं, चार ओळीत लिहायचं असतं. डिप्लोमावाले लिहितात, "मोटर रिपेअर्ड." सकाळच्या माणसानं यातून काय समजायचं? शाळेत निबंध काय कमी लिहिले असतील यांनी? 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पंतप्रधान झालो तर'. घडलं तसं लिहायला मात्र कोणी सांगितलं नाही.

ऑरेंजसिटी_मेकॅनिकल

सर, कागद तर माझ्याकडे पण आहे. डिग्रीचा. गेट उघडलं नाही.

बुटीबोरी_सी_शिफ्ट

भाऊ, डिग्रीवाल्यांच्या जागा मोजक्या आणि अर्जांचा ढीग. फिटर, इलेक्ट्रिशियन पाहिजे म्हटलं तर चांगला मिळत नाही. तुझ्यात खोट आहे असं नाही. सगळ्यांना एकाच दारात उभं केलं, हा घोळ आहे.

मानेवाड्याची_आई

सगळ्यांचे आभार. काल मुलाला हे सगळं वाचायला दिलं. गुरुजींचा बिलाचा प्रश्न त्याला आला, 'आयजीएसटी' म्हणाला, म्हणजे ९-९ वेगळे नाहीत, १८ एकत्रच, आणि जरा फुशारलाही. मामाच्या दुकानातलं खरं बिल मात्र त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. त्याचे बाबा बाजूच्या खोलीतून ऐकत होते, आले नाहीत, पण टीव्हीचा आवाज कमी केला होता.

आता दोन प्रश्न. बारावी होईपर्यंत दुकान किती करू द्यावं? आणि बारावीनंतर आयटीआय की सीईटी? तिसरा त्याचा आहे, वाइंडिंगवाल्या काकांना: गेजचा नंबर वाढला तर तार बारीक का होते? मामाला विचारलं तर म्हणाला, असंच असतं.

वाइंडिंगवाला

ताई, सीईटी देऊ द्या, फॉर्म भरायले काय जाते. पण डिग्रीच पाहिजे म्हणून कुठल्याही कॉलेजात पैसे ओतू नका, वरच्या भाऊचं ऐकलं ना तुम्ही. इलेक्ट्रिशियन ट्रेडले दहावी पास लागते, दोन वर्षांचा कोर्स आहे, आणि तो झाला की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाले थेट दुसऱ्या वर्षाले जाता येते. म्हणजे रस्ता बंद होत नाही.

दुकानाचं म्हणाल तर आता सीझन आहे, जाऊ द्या रोज. पाऊस लागला की कूलर माळ्यावर जातात, तेव्हा तसंही मामाकडे काम उरत नाही. मग अभ्यास करंल. मामाले एवढं सांगा की त्याले नुसता पाना धरायले उभा करू नका, डेटाची वही त्याच्या हातात द्या.

गेजचं असं आहे बेटा. तार छिद्रातून ओढून ओढून बारीक करतात. जितक्यांदा ओढली तितका नंबर, असं जुन्या काळी धरत. जास्त ओढली की जास्त बारीक, म्हणून नंबर मोठा. १८ नंबर आणि ३० नंबरचा एकेक तुकडा घे, मायक्रोमीटरवर मोज आणि काय आलं ते इथं टाक. तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडून मोजजो, नाहीतर माप जास्त येईल. आणि मामाच्या दुकानात चपलेवर नको जाऊ, बूट घालून जा.