गॅबी पेटिटो प्रकरण: लोकांच्या तर्कांचा तपासाला नेमका उपयोग किती झाला?

चकवा

२०२१ मधलं गॅबी पेटिटो आणि ब्रायन लॉन्ड्री प्रकरण इथं बऱ्याच जणांना आठवत असेल. पांढऱ्या व्हॅनमधून अमेरिका बघायला निघालेलं जोडपं. १ सप्टेंबरला तो एकटाच व्हॅन घेऊन फ्लोरिडात आईवडिलांच्या घरी परतला, ११ तारखेला ती बेपत्ता असल्याची तक्रार झाली आणि मग तोही गायब झाला. त्यानंतर महिनाभर टिकटॉक आणि रेडिटवर घरबसल्या गुप्तहेरांचा सुळसुळाट होता.

मला प्रकरणाची उजळणी नकोय. जाणकारांकडून एवढंच हवंय: एवढ्या लोकांनी एवढ्या 'खबरा' दिल्या, त्यातल्या कोणत्या कामाच्या होत्या आणि कशामुळे? खून झाल्याचं जाहीर झालेलं असताना वॉरंट मात्र बँकेच्या कार्डाचं का निघालं? आणि ज्या जंगलात पोलीस रोज शोधत होते, तिथंच लॉन्ड्रीचे आईवडील आल्या दिवशी त्याचं सामान कसं सापडलं? हा शेवटचा मुद्दा लोक अजूनही उगाळतात.

---

रानवाटा

पहिल्याचं उत्तर देतो. लोक चेहरा शोधत बसले आणि उपयोगी पडली गाडी.

ती २०१२ ची फोर्ड ट्रान्झिट कनेक्ट. साधारण साडेचार मीटर लांब, आत ताठ उभं राहता येत नाही एवढी बुटकी. मालवाहतुकीची छोटी व्हॅन आहे ती. व्हॅनलाइफवाले, म्हणजे व्हॅनलाच घर करून फिरणारे, सहसा जी उंच छताची स्प्रिंटर किंवा मोठी ट्रान्झिट घेतात, त्यांच्या रांगेत ही लगेच वेगळी दिसते. त्यात फ्लोरिडाची नंबरप्लेट, तीही वायोमिंग राज्यात. म्हणजे बघणाऱ्याच्या लक्षात राहण्यासारख्या दोन-तीन खुणा एकाच ठिकाणी.

आता जागा. त्यांची व्हॅन जिथं होती ते स्प्रेड क्रीक हे ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला, ब्रिजर-टीटन राष्ट्रीय वनात येतं. उद्यानाच्या आत तळ ठोकायचा तर आरक्षण, पावती, प्लॉट नंबर सगळं लागतं. राष्ट्रीय वनात मोकळ्यावर राहायला यातलं काहीच लागत नाही. नोंदवही नाही, शुल्क नाही, नळ नाही, बहुतेक जागी संडासही नाही. फुकट असतं म्हणून व्हॅनवाले तिकडे वळतात. फक्त मुक्कामाला दिवसांची मर्यादा असते, बहुतेक वनांत १४ दिवस, गर्दीच्या भागांत त्याहून कमी. याचा अर्थ तिथं कोण कधी राहिलं याचा कागद कुठेच तयार होत नाही. मोबाइलची रेंजही तुटक.

अशा जागी साक्षीदार एकच, तो म्हणजे शेजारचा तळ. २७ ऑगस्टच्या संध्याकाळी फ्लोरिडाचंच एक कुटुंब आपल्या बसमधून त्या कच्च्या रस्त्याने गेलं आणि त्यांच्या कॅमेऱ्यात ही व्हॅन आली. तेही प्रवासाचे व्हिडिओ करणारे, म्हणून तीन आठवड्यांनंतरही मूळ चित्रण शाबूत होतं. एफबीआयची माणसं त्या भागात आधीपासून होतीच, पण या चित्रणातून रस्त्याचा नेमका तुकडा आणि वेळ मिळाली. १९ सप्टेंबरला तिथूनच जवळ गॅबीचा मृतदेह मिळाला.

याच चित्रणाचं लोकांनी काय केलं तेही बघा. यूट्यूबवरून उतरवून घेतलं, एकेक फ्रेम ताणली आणि 'मागचं दार कोणीतरी आतून ओढून घेतंय' असा शोध लावला. व्हिडिओ दाबून साठवताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवली जात नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, मधल्या फ्रेममध्ये फक्त 'काय बदललं' त्याचा हिशेब. गाडी खड्ड्यातून जातेय, उजेड कमी आहे, त्यात यूट्यूबने पुन्हा दाबलंय, अशा वेळी काळ्या भागाच्या कडा आपोआप सरकल्यासारख्या दिसतात. कॅमेऱ्याच्या मूळ कार्डावरची फाइल बघितल्याशिवाय दाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी कामाची खबर: २९ ऑगस्टला त्याच उद्यानातल्या कोल्टर बेहून निघालेल्या एकीने सांगितलं की तिने लॉन्ड्रीला गाडीत घेतलं होतं आणि जॅक्सन धरणापाशी सोडलं. तारीख आहे, चढण्याची जागा आहे, उतरण्याची जागा आहे. पोलिसांना असं काहीतरी हवं असतं, कारण ते इतर नोंदींशी ताडून बघता येतं.

याच्या उलट अ‍ॅपलेशियन ट्रेल. एफबीआयने वर्णन दिलं होतं: उंची ५ फूट ८ इंच, वजन १६० पौंड, आखूड तपकिरी केस, कातरलेली दाढी. साडेतीन हजार किलोमीटरच्या त्या पायवाटेवर अशा अंगकाठीचा दाढीवाला तरुण नसेल तरच नवल. तरी तिथून खबरा येत राहिल्या. फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला हरणांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात पाठपिशवीवाला दिसला म्हणून तिथला शेरिफही माणसं घेऊन शोधून आला. हाती काही लागलं नाही. नॉर्थ कॅरोलिनात तर एका निव्वळ साधर्म्य असलेल्या ट्रेकरच्या खोलीत यूएस मार्शल (केंद्र सरकारचे पोलीस) शिरले, त्याला बेड्या घातल्या. हातावर टॅटू नाहीत म्हटल्यावर तो सुटला.

---

पोटकलम

वॉरंटचं सांगतो. आधी तारखा नीट लावा, त्यातच अर्धं उत्तर आहे.

१५ सप्टेंबरला लॉन्ड्रीच्या गावच्या, फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्टच्या पोलिसांनी त्याला 'पर्सन ऑफ इंटरेस्ट', म्हणजे तपासात ज्याच्याशी बोलायचंय असा माणूस म्हटलं. अमेरिकन कायद्यात या शब्दाला शून्य वजन आहे. त्यावर अटक होत नाही, आणि चौकशीला बसायला 'नाही' म्हणायचा हक्क शाबूत राहतो. त्याच्या वकिलाने तेच केलं. म्हणजे १३ तारखेला तो घरातून निघाला तेव्हा कायद्याच्या भाषेत तो फरार नव्हताच. घराबाहेर पडलेला एक सज्ञान माणूस, एवढंच. आपल्याकडेही फरार घोषित करायला आधी वॉरंट आणि मग कोर्टाची उद्घोषणा लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८४. टीव्हीवाले म्हणाले म्हणून कोणी फरार होत नाही.

२१ सप्टेंबरला कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणारा अधिकारी) मृत्यू हा मनुष्यवध असल्याचं सांगितलं, पण मृत्यूचं कारण राखून ठेवलं. गळा आवळल्याने मृत्यू झाल्याचं जाहीर झालं १२ ऑक्टोबरला. मध्ये तीन आठवडे. कारण, वेळ आणि कोणी केलं हे जोडणारा पुरावा हातात नसताना खुनाचा आरोप घाईने लावला तर बचाव पक्ष खटल्यात त्याच फटीतून शिरतो.

कार्डाचं काम सरळ होतं. अमेरिकन संहितेच्या शीर्षक १८ मधलं कलम १०२९: दुसऱ्याचं कार्ड किंवा पिन परवानगीशिवाय वापरून वर्षभराच्या आत १,००० डॉलर किंवा जास्त किमतीचं काही मिळवलं की गुन्हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला होतो. लॉन्ड्रीने ३० ऑगस्ट ते १ सप्टेंबरदरम्यान केलेला वापर हजाराच्या वर गेला होता. बँकेची नोंद हाच पुरावा, साक्षीदाराची गरज नाही. २२ सप्टेंबरला वायोमिंगच्या फेडरल न्यायालयातून वॉरंट निघालं आणि देशातला कोणताही फेडरल अधिकारी त्याला कुठेही धरू शकेल अशी सोय झाली. 'खुनाला सोडून कार्डाच्या मागे लागले' म्हणून जी थट्टा झाली ती उगाच. हाताशी होती ती पक्की दोरी त्यांनी आधी बांधली.

पोलिसांची खरी चूक वेगळीच होती. घरावर पाळत होती. १३ ला तो मस्टँग गाडी घेऊन बाहेर पडताना दिसला. १५ ला मस्टँग परत आली, टोपी घातलेली व्यक्ती उतरून आत गेली आणि पाळतीवरच्यांनी तो घरी आला असं धरलं. ती त्याची आई होती. १६ तारखेला पोलीसप्रमुख, तो कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, असं पत्रकारांना सांगत होते आणि १७ ला घरच्यांनी सांगितलं की तो बेपत्ता आहे. पुढे पोलिसांनीच हे कबूल केलं. समाजमाध्यमांवरचे पाच-पाच तासांचे लाइव्ह कार्यक्रम सगळी शक्कल कटकारस्थानावर खर्च करत होते, आणि घोळ होता टोपीचा.

---

चकवा

पोटकलम, तारखांमुळे बरंच सुटसुटीत झालं. पण सामान मुद्दाम 'ठेवलं' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? नेमकं आईवडील आल्यावरच कसं मिळालं?

---

नकाशेवाला

याला उत्तर पाण्यात आहे.

लॉन्ड्री ज्या जंगलात गेला ते फ्लोरिडातलं कार्लटन रिझर्व्ह सुमारे २५,००० एकर, म्हणजे १०० चौरस किलोमीटर. त्याला लागून मायाकाहॅची क्रीक पार्क. सपाट पाणथळ जमीन, पाल्मेटोची करवती पानांची झुडपं, पाइन, मधूनमधून सायप्रसची डबकी. फ्लोरिडाचा पावसाळा जून ते सप्टेंबर, म्हणजे तो आत गेला तेव्हा पाणी भरपूर. शोधपथकं कमरेइतक्या पाण्यातून चालत होती. २० ऑक्टोबरला पाठपिशवी आणि वही मिळाली ती जागा अगदी अलीकडेपर्यंत पाण्याखाली होती, हे एफबीआयने त्याच दिवशी सांगितलं. उद्यानही तोवर लोकांसाठी बंद होतं. आईवडिलांना मुलाच्या नेहमीच्या वाटा माहीत, पाणी ओसरलेलं, बरोबर पोलीस. यात चमत्कार कुठला?

'तिथं आधी शोधलं होतं' या वाक्याचा लोक फार चुकीचा अर्थ लावतात. शोधमोहिमेत दोन आकडे वेगवेगळे धरतात: माणूस त्या पट्ट्यात असण्याची शक्यता, आणि असलाच तर पथकाला दिसण्याची शक्यता. समजा पट्ट्यावर ४० टक्के भरवसा आहे आणि गढूळ पाणी, झुडपं यामुळे दिसण्याची शक्यता ५० टक्के. एक फेरी झाली, काही मिळालं नाही. आता तिथली शक्यता किती? शून्य नाही. ०.४ चे ०.२ उरले, त्याला ०.८ ने भागा: २५ टक्के. दुसरी फेरीही रिकामी गेली तरी १४ टक्के उरतातच. म्हणून एकच पट्टा पुन्हा पुन्हा पिंजतात. बाहेरच्याला ते 'एकाच जागी घुटमळणं' वाटतं.

कुत्र्यांवरही लोकांचा अवास्तव विश्वास असतो. शव शोधणारा कुत्रा उत्तम, पण पाण्याखालचा गंध वर येऊन वाऱ्याबरोबर सरकतो, कुत्रा भलतीकडेच खूण करतो. भर दुपारच्या उन्हात गंध सरळ वर जातो. पहाटेचे दोन-तीन तास तेवढे बरे.

तिथं सापडलेले अवशेष लॉन्ड्रीचेच, ही ओळख पटली दातांच्या नोंदीवरून, २१ ऑक्टोबरला. इतक्या लवकर फक्त हाडं कशी उरली असंही विचारलं गेलं. तीस अंशांपलीकडचं दमट हवामान, पाणी आणि जंगली प्राणी असताना महिना पुरेसा असतो. नोव्हेंबरमध्ये मृत्यू आत्महत्येने झाल्याचं जाहीर झालं, आणि जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने सांगितलं की वहीत त्याने गॅबीच्या मृत्यूची जबाबदारी घेणारा मजकूर लिहिला होता.

---

मीठभाकर

सगळं पटलं, पण एक राहतंय. वायोमिंग विद्यापीठाच्या अहवालानुसार २०११ ते २०२० या काळात त्या एका राज्यात ७१० मूळनिवासी व्यक्तींच्या बेपत्ता होण्याच्या नोंदी झाल्या. त्यांच्यासाठी कोणी फ्रेम ताणत बसलं नाही.

आणि 'व्हॅनलाइफ धोकादायक' हा निष्कर्ष मला पूर्ण चुकीचा वाटतो. १२ ऑगस्टला युटातल्या मोॲबमध्ये एकाने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून सांगितलं होतं की तो माणूस मुलीला मारतोय. पोलिसांनी गॅबी-लॉन्ड्रीची व्हॅन अडवली, तिलाच मारणारी ठरवलं, त्याला रात्रीपुरतं मोटेलवर सोडलं आणि अटक किंवा समन्स काहीच न करता प्रकरण मिटवलं. युटाच्या कायद्यात घरगुती हिंसेची सबळ शक्यता दिसली की अटक किंवा समन्स यांपैकी एक करावंच लागतं. पुढे शहरानेच नेमलेल्या चौकशीत अधिकाऱ्यांच्या चुका झाल्याचं म्हटलं गेलं. व्हॅनच्या जागी वन बीएचके असता तर धोका काय कमी झाला असता?

---

चकवा

मीठभाकर, मान्य. शेवटचं: आपली बरीच मंडळी तिकडे भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन फिरतात. डॅशकॅममध्ये, म्हणजे गाडीतल्या कॅमेऱ्यात, असं काही आलं, किंवा घरच्या कोणाचा पत्ता लागेना, तर नेमकं काय करायचं?

---

रानवाटा

डॅशकॅम: पहिलं काम, मेमरी कार्ड बाहेर काढा. १०८०पी चित्रण साधारण १५ मेगाबिट प्रतिसेकंदाने साठतं, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साडेनऊ तासांत भरतं आणि जुन्यावर नवीन चढायला लागतं. प्रवासात रोज संध्याकाळी कार्ड लॅपटॉपवर उतरवायची सवय असेल तर उत्तम. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात चित्रण पुन्हा दाबलं जातं आणि फाइलमधली मूळ माहितीही टिकत नाही. आधी समाजमाध्यमांवर टाकून 'बघा बरं' करू नका. एफबीआयच्या १-८००-२२५-५३२४ वर किंवा त्या काउंटीच्या शेरिफकडे तारीख, वेळ, जागा आणि मूळ फाइल आपल्याकडे आहे एवढं कळवा.

घरच्यांसाठी: निघण्यापूर्वी नंबरप्लेट, गाडीचा चारही बाजूंनी फोटो, बँक कार्डांचे शेवटचे चार आकडे आणि मुक्कामांची ढोबळ यादी घरी ठेवा. रेंज नसलेल्या भागात इनरीचसारखं उपग्रहावर चालणारं यंत्र बरं, त्याच्या संदेशाबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही पाठवता येतात. साध्या मेसेजवर विसंबू नका, कारण फोन कोणाच्याही हातात असू शकतो. गॅबीच्या फोनवरून २७ ऑगस्टला आईला आलेल्या मेसेजमध्ये आजोबांचा उल्लेख नावाने होता, ती कधीच तसं म्हणत नसे, आणि आईला तिथंच खटकलं. ३० तारखेला 'योसेमिटीत रेंज नाही' असा मेसेज आला, योसेमिटी तर कॅलिफोर्नियात. म्हणून घरात एखादा प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर बरोबरच्यालाही माहीत नसेल.

तक्रारीला २४ तास थांबायची अट अमेरिकेत नाही, ते टीव्ही मालिकांतलं आहे. तुम्ही जिथं राहता तिथल्या ठाण्यातही नोंदवता येते, गॅबीच्या घरच्यांनी न्यूयॉर्कमध्येच नोंदवली होती. आणि डॅशकॅमचं घड्याळ तपासा. फ्लोरिडात लावलेली वेळ वायोमिंगमध्ये दोन तास पुढे दाखवते, कॅमेरा ती आपोआप बदलेलच असं नाही. तेव्हा खबर देताना घड्याळ कुठल्या वेळेवर लावलंय तेही सांगा.