'मृत्यूची पुष्टी' की 'वृत्ताला दुजोरा'?

खोडरबर: काल मुद्रितं तपासताना वाक्य आलं, 'अधिकाऱ्यांनी मृत्यूची पुष्टी केली.' मी ते 'मृत्यूच्या वृत्ताला दुजोरा दिला' असं केलं. बातमीदार वैतागला, म्हणे जागा वाया जाते. जाऊ दे की! पुष्टी म्हणजे पोसणं. धष्टपुष्ट, पौष्टिक ही त्याच घरातली मंडळी. मृत्यूला काय खुराक देणार? हा शब्द हिंदी बातम्यांतून उचललेला आहे. दुजोऱ्यात कसा 'दुजा' दिसतो. पहिल्याखेरीज आणखी कोणीतरी तेच सांगतंय, म्हणून तो पुराव्याच्या जवळचा.

तिरपी रेघ: खुराकाचा विनोद छान, पण शब्दावर अन्याय होतोय. 'या विधानाच्या पुष्ट्यर्थ' हे जुन्या मराठी गद्यात कितीदा भेटतं! विधान दुबळं असतं, दाखले त्याला पोसतात. याहून नेमकं रूपक कुठे मिळणार? खोट 'करणे' या क्रियापदात आहे. पुरावा विधानाला पुष्टी देतो, विधानाला पुष्टी मिळते. 'अमुकची पुष्टी करणे' ही मात्र हिंदीची चाल. (आणि 'त्यांनी पुष्टी जोडली' लिहिणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढा. तिथे पुस्ती हवी.)

खोडरबर: पुष्ट्यर्थ विसरलोच होतो. मान्य. दुजोऱ्याबद्दल मात्र मागे हटत नाही.

तारीखपेतारीख: हटावं लागेल. मी म्हणालो 'आज उकडतंय', शेजारचा म्हणाला 'हो ना'. झाला दुजोरा. पुरावा कुठाय? दुजोरा तोंडाने देता येतो, फुकट. कोर्टात तो चालत नाही, तिथे पुष्टीच लागते. 1872च्या पुरावा कायद्यात कलम 114खालच्या एका उदाहरणाप्रमाणे, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी नसेल तर ती अविश्वसनीय धरायला न्यायालयाला मुभा होती. 1 जुलै 2024पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, आणि साथीदाराच्या साक्षीवरून शिक्षा देण्याबद्दलच्या त्यातल्या कलम 138मध्ये पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख आहे.

आणि तुमचा 'दुजा'? जुन्या कायद्याच्या कलम 157प्रमाणे साक्षीदाराने घटनेच्या सुमारास केलेलं स्वतःचंच कथन त्याच्या साक्षीच्या पुष्टीला आणता येत होतं. माणूस तोच!

खोडरबर: माणूस तोच, पण वेळ दुजी. घटना ताजी असतानाचं बोलणं आणि दोन वर्षांनी पिंजऱ्यात उभं राहून केलेलं बोलणं जुळलं, म्हणून तर त्याला किंमत. हा मुद्दा माझ्याच पदरात पडला, आभार.

तारीखपेतारीख: शब्दांची कसरत. तरी वाईट नाही.

मागील पानावरून: मी पूर्वी बातम्या करायचो. 'या वृत्ताला दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाला' असं स्वतः छापून आणलंय. बातमी खोटी निघाल्यावर दोघांना गाठलं. पहिल्याला दुसऱ्याने सांगितलं होतं. दुसरा म्हणाला, 'मला तुमच्याच कचेरीतून फोन आला होता, खरं आहे का विचारायला. तुम्हीच विचारताय म्हटल्यावर मी हो म्हणालो.' खोडरबर, त्या वाक्यात तुम्ही काय खोडलं असतंत?

खोडरबर: काहीच नाही. तेव्हा व्याकरण बघून पुढे सोडलं असतं.

तिरपी रेघ: आणि पुष्टी असती तर खोडली असतीत.