मोपा ते दाबोळी : दोन विमानांमध्ये किती वेळ हाती ठेवावा?
माझे आई-वडील पुढच्या महिन्यात सकाळी मोपाच्या मनोहर विमानतळावर उतरणार असून त्याच दिवशी दुपारी त्यांना दाबोळीहून पुढचे विमान पकडायचे आहे. म्हापसा, पर्वरी, पणजी आणि झुआरी पूल या मार्गाने हे अंतर साठ किलोमीटरहून अधिक भरते. रस्ता मोकळा असल्यास दीड तास पुरतो, परंतु पर्वरीला वाहतूक तुंबली तर काय, याची मला फार काळजी वाटते. दोन्ही तिकिटे स्वतंत्र असल्याने सामान मोपाला ताब्यात घेऊन दाबोळीला पुन्हा जमा करावे लागेल, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे वडिलांना चाकाची खुर्ची लागते. अशा स्थितीत पाच तासांची सवड पुरेल का? टॅक्सी आधीच ठरवावी की उतरल्यावर काउंटरवरून घ्यावी, हे नेहमी ये-जा करणाऱ्यांनी कृपया सांगावे.