मदत हवी आहे: तीन हॉटेलांचे मेल एकाच पेटीत येतात, आपोआप वाटून कसे घ्यायचे? (कोडिंग नको)

शापोराकाठ
तातडीचं आहे. आमची तीन लहान हॉटेलं आहेत: कळंगुट, कोलवा, पणजी. तिन्हींचं सगळं रिझर्व्हेशनच्या एकाच आयडीवर येतं. बुकिंग, कॅन्सलेशन, पाहुण्यांचे प्रश्न, लाँड्रीवाल्याची बिलं, पासपोर्टचे स्कॅन, सगळं. आउटलुकमध्ये रूल्स केलेत, पण दिवसा चालतात आणि रात्रीचे मेल सकाळी तसेच पडलेले असतात. परवा एक कॅन्सलेशन बुकिंगच्या फोल्डरात गेलं आणि खोली अडकून राहिली. चवथीच्या सुटीआधी हे मार्गी लागायला हवं, ऑक्टोबरात सीझन सुरू होतो. नेमक्या स्टेप्स द्या.

मांडवीपार
पॉवर ऑटोमेट (मायक्रोसॉफ्ट ३६५ या पैसे भरून घ्यायच्या सेवेतलं, कामं आपोआप करणारं साधन) वापरा, दुसरं काही बघू नका. 'शेअर्ड मेलबॉक्समध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या पेटीत) नवा मेल आला की' हा ट्रिगर घ्यायचा, खाली 'स्विच' (वाटा फोडणारी पायरी) लावायचा, प्रत्येक हॉटेलची एक फांदी करून तिथे 'मूव्ह ईमेल' ठेवायचं. माउसनेच होतं सगळं. शेअर्ड मेलबॉक्सला ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. फक्त नियमातून बाहेरच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते मुळातच बंद असतं, ५५० ५.७.५२० असा नकार येतो.

खाजन
@मांडवीपार, त्यांच्याकडे ३६५ आहे असं कुठे लिहिलंय?
@शापोराकाठ, आउटलुक हे मेल वाचायचं सॉफ्टवेअर. पेटी कुठे आहे ते सांगा. फाइल, अकाउंट सेटिंग्ज उघडा, आयडीपुढे 'टाइप' रकाना आहे त्यात काय दिसतं? आणि किती पीसीवर लावलाय?

शापोराकाठ
आउटलुक २०१९ आहे. मेल येतात-जातात, तो माझा प्रश्न नाही. वाटणी हवी आहे.

खाजन
वाटणी कुठे करायची हे त्या रकान्यावरच ठरतं. एवढं बघून सांगा.

सुंगटां
गूगल वर्कस्पेस (गूगलची पैसे भरून घ्यायची ऑफिसच्या मेलची सेवा) घ्या आणि मोकळे व्हा. ग्रुप्समध्ये कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स असतो, त्यात मेल कुणाच्या नावावर टाकता येतो, काम झालं की 'पूर्ण' अशी खूण करता येते. फिल्टर करणं दोन मिनिटांचं काम: सर्च बॉक्सच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, अट भरा, 'क्रिएट फिल्टर', लेबल निवडा.

शापोराकाठ
बघितलं. 'पीओपी/एसएमटीपी' लिहिलंय. तीन पीसीवर आहे, प्रत्येक हॉटेलात एक. डोमेन वेबसाइटवाल्याकडून घेतलंय, मेलही त्याच्याकडेच.

खाजन
मग कारण सापडलं. पॉपमध्ये (म्हणजेच पीओपी) मेल सर्व्हरवरून पीसीवर उतरतो आणि नियम त्याच पीसीवरचं आउटलुक चालवतं. पीसी बंद, आउटलुक बंद किंवा पावसात लाइट गेली की नियमही बंद. सर्व्हरला त्यांचा पत्ताच नसतो. शिवाय कळंगुटच्या पीसीवर हलवलेला मेल कोलव्याला हललेला दिसणार नाही, कारण तीन पीसीवर तीन वेगळ्या प्रती आहेत. त्यातल्या एखाद्या पीसीवर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल, तर तो पीसी मेल उतरवून सर्व्हरवरून काढूनही टाकतो आणि बाकी दोघांना तो मेल मिळतच नाही. ही खूण तिन्ही ठिकाणी आजच तपासा. तिच्याखाली 'इतक्या दिवसांनी काढा' असतं, बहुतेक १४ असेल. तूर्त तीही काढून ठेवा.

शापोराकाठ
कोलव्याच्या पीसीवर खूण नव्हती! म्हणजे गेले कित्येक महिने पणजीला मेल कमी येत होते ते यामुळे?

खाजन
तेच दिसतंय. ते मेल कोलव्याच्या पीएसटी फाइलमध्ये (आउटलुक पीसीवर मेल साठवतं ती फाइल) असतील, हरवलेले नाहीत.

धुवाळी
पीएसटीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. ती फाइल वनड्राइव्हच्या किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरात ठेवू नका, बिघडते. आउटलुक पूर्ण बंद करून पेन ड्राइव्हवर कॉपी घ्या. आधीच बिघडली असेल तर आउटलुकच्याच फोल्डरात स्कॅनपीएसटी नावाची दुरुस्ती करणारी फाइल असते. ती चालवा, पण मूळ फाइलवर नको, कॉपीवर.

आबोली२२
धुवाळी, कुणाची फाइल बिघडलेली नाही इथे. पण कॉपीचा सल्ला योग्य आहे, पुढचं काही करण्याआधी ती घ्याच.

@शापोराकाठ, वेबसाइटवाल्याकडून सीपॅनलचं (वेबसाइट आणि मेलच्या सर्व्हरच्या सेटिंग्जचं पान) लॉगिन मागा. बहुतेक होस्टिंगवर असतं. मग दोन कामं.

पहिलं, पॉप सोडून आयमॅप, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळ्या पीसीवर तीच पेटी दिसते. आउटलुकमध्ये आहे त्याच अकाउंटचा प्रकार बदलता येत नाही, म्हणून तोच आयडी नव्याने जोडायचा आणि जोडताना आयमॅप निवडायचं. पोर्ट ९९३, एसएसएल. पाठवायचं पोर्ट ४६५, एसएसएल. मेल दिसायला लागले की जुनं पॉप अकाउंट काढा, पीएसटी मात्र ठेवा. जुने मेल त्यातून ओढून आयमॅपच्या फोल्डरात टाकता येतात, पण आधी होस्टिंगचा कोटा (जागेची मर्यादा) बघा. पेटी भरली की नवे मेल परत जायला लागतात.

दुसरं, सीपॅनलमधले 'ईमेल फिल्टर्स'. हे सर्व्हरवर चालतात, त्यामुळे पीसी बंद असला तरी वाटणी होते. आयडीपुढे 'मॅनेज फिल्टर्स', 'क्रिएट अ न्यू फिल्टर'. अटीत फ्रॉम, टू, सब्जेक्ट, मधे 'कंटेन्स', कृतीत 'डिलिव्हर टू फोल्डर'. खाली चाचणीचा डबा असतो, त्यात एखाद्या मेलचा पूर्ण मजकूर हेडरसकट (वरच्या पाठवणारा, विषय वगैरे ओळींसकट) चिकटवून कोणता नियम लागेल ते बघता येतं. प्रत्येक नियम तिथे तपासल्याशिवाय चालू ठेवू नका.

शापोराकाठ
सब्जेक्टमध्ये कळंगुट, कोलवा, पणजी असे तीन शब्द घातले की झालं ना?

आबोली२२
हो, सुरुवातीला तेवढं पुरेल.

खाजन
नाही, तिथेच घोटाळा होईल. पणजीला कुणी पंजिम लिहितं, कुणी पणजिम. कोलव्याचं इंग्रजी स्पेलिंग कधी सीने, कधी केने. आणि कोलव्यात उतरणारा पाहुणा सब्जेक्टमध्येच विचारतो, 'कळंगुटला टॅक्सी किती?' तो मेल सरळ कळंगुटला जाईल. मेलमधल्या मजकुरावर तर नियम लावूच नका. बऱ्याच मेलचा मजकूर बेस६४ नावाच्या सांकेतिक रूपात बांधून येतो, फिल्टर तो न उलगडता कच्चाच वाचतो, त्यामुळे डोळ्यांना दिसणारा शब्द त्याला सापडत नाही.

शब्द बघण्यापेक्षा मेल कुठल्या पत्त्यावर आला ते बघा. सीपॅनलमध्ये तीन खऱ्या पेट्या उघडा: कळंगुट@, कोलवा@, पणजी@. मग बुकिंगच्या प्रत्येक साइटच्या एक्स्ट्रानेटमध्ये (हॉटेलवाल्यांनी लॉगिन करायच्या भागात) जा. तिथे तिन्ही हॉटेलांचे प्रॉपर्टी नंबर वेगळे असतात आणि प्रत्येक प्रॉपर्टीला आपला संपर्काचा ईमेल देता येतो. तो बदलला की त्या साइटचं बुकिंग, कॅन्सलेशन आणि पाहुण्यांचे निरोप मुळातच वेगळे येतील, फिल्टरची गरजच नाही. जुन्या रिझर्व्हेशन@ वर मग थेट लिहिणारे पाहुणे आणि बिलं एवढंच उरेल. ते हाताने वाटलं तरी चालतं.

सुंगटां
एवढी खटपट करण्यापेक्षा वर्कस्पेस बरं नाही का?

खाजन
त्यांनी पैसे भरून तिकडे जायचं ठरवलं तर जरूर. पण पत्त्यांची ही वाटणी तिथेही करावीच लागेल. जीमेलचं फिल्टर शब्दाचा तुकडा धरत नाही, चौकोनी कंस आणि हॅश तर बघतच नाही. हॅश लावलेले बुकिंग नंबर म्हणजे फक्त आकडे त्याच्या लेखी. आणि नवं फिल्टर जुन्या मेलना आपोआप लागत नाही, त्यासाठी वेगळी खूण करावी लागते.

सुंगटां
हे खरं. तरी नावाने मेल सोपवायची सोय सीपॅनलमध्ये नाही, हेही खरं.

मांडवीपार
माझं मत अजूनही ३६५. पुन्हा तेच सांगतो.

शापोराकाठ
पत्त्याची कल्पना पटली. उद्याच एक्स्ट्रानेट उघडतो. पण मालकांना सगळे मेल एका जागी दिसायला हवेत, आणि कोलव्याचा मॅनेजर म्हणतो की त्याच्या पर्सनल जीमेलवर फॉरवर्ड करून द्या.

आबोली२२
मालकांच्या आउटलुकमध्ये चारही पेट्या आयमॅपने जोडा, डावीकडे एकाखाली एक दिसतील.

मॅनेजरच्या फोनवरही तीच पेटी आयमॅपने जोडून द्या, फॉरवर्ड नको. फॉरवर्ड केलेला मेल तुमच्या सर्व्हरवरून निघतो पण पाठवणारा म्हणून बुकिंग साइटचा पत्ता असतो. मग एसपीएफ (कुठल्या सर्व्हरला त्या पत्त्याने मेल पाठवायची परवानगी आहे याची तपासणी) जुळत नाही आणि तो स्पॅममध्ये पडू शकतो. दुसरं, फिल्टरमध्ये नुसतं 'रीडायरेक्ट' दिलं तर मूळ पेटीत प्रत राहत नाही. कधी द्यायचंच झालं तर त्याच नियमात दुसरी कृती जोडून 'डिलिव्हर टू फोल्डर' मध्ये इनबॉक्स द्या.

खाजन
आणि पासपोर्टचे स्कॅन कुणाच्या खाजगी जीमेलवर नकोच. तो माणूस नोकरी सोडून गेला की स्कॅनही त्याच्याबरोबर गेले.

धुवाळी
पासपोर्टवरून आठवलं, विदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती देणारा फॉर्म (ज्याला सी-फॉर्म म्हणायचे तो) सरकारकडे ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी वेगळा पत्ता केलात तर?

आबोली२२
ही सूचना चांगली आहे. पासपोर्ट@ अशी पेटी उघडा आणि बुकिंग पक्कं झाल्याच्या उत्तरात 'पासपोर्ट व व्हिसाची प्रत या पत्त्यावर पाठवा' अशी ओळ घाला. ती पेटी फक्त रिसेप्शनच्या पीसीवर जोडा. फॉर्म भरला की मेल काढून टाका, कचरापेटीही रिकामी करा.

शापोराकाठ (चार दिवसांनी)
तीन पेट्या झाल्या, आयमॅप झालं, दोन साइटींचे पत्ते बदलले. रात्रीची १७ बुकिंगं सकाळी आपापल्या पेटीत होती. पण प्रत्येक पेटीत मी दोन फिल्टर केले, सब्जेक्टमध्ये 'बुकिंग' असेल तर एक फोल्डर, 'कॅन्सल' असेल तर दुसरं. कॅन्सलेशन अजून बुकिंगमध्येच जातंय. आणि कॅन्सल नावाचं फोल्डर आउटलुकमध्ये दिसतच नाही.

खाजन
कॅन्सलेशनच्या सब्जेक्टमध्येही 'बुकिंग' शब्द असतो, म्हणून बुकिंगचा नियमही त्याला लागतो. यादीत कॅन्सलचा नियम ओढून वर ठेवा आणि त्यात 'डिलिव्हर टू फोल्डर' नंतर 'स्टॉप प्रोसेसिंग रूल्स' ही कृती जोडा. खरं तर बुकिंगचा नियम काढूनच टाका. बुकिंग इनबॉक्समध्येच राहू दे, बाजूला काढायचं ते फक्त कॅन्सलेशन.

आबोली२२
फोल्डर सर्व्हरवर आहे, आउटलुकने सबस्क्राइब केलेलं नाही. पेटीच्या नावावर राइट क्लिक, 'आयमॅप फोल्डर्स', 'क्वेरी' दाबा. यादीत कॅन्सल दिसेल, त्यावर 'सबस्क्राइब', मग ओके. तिन्ही पीसीवर वेगवेगळं करावं लागेल.

शापोराकाठ
दिसलं! आत नऊ मेल होते, त्यातले दोन उद्याच्या चेक-इनचे. लगेच खोल्या मोकळ्या केल्या. देव बरें करूं सगळ्यांना. तिसऱ्या साइटचं एक्स्ट्रानेट लॉगिन जुन्या मॅनेजरकडे आहे, ते मिळालं की तोही पत्ता बदलतो. तोवर त्या साइटचे मेल रिझर्व्हेशन@ वरच येतील ना?

खाजन
हो. ती पेटी मालकांबरोबर रिसेप्शनच्या पीसीवरही जोडून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी उघडून बघेल असं ठरवा, म्हणजे मधल्या काळात त्या साइटचं कॅन्सलेशन सुटणार नाही.