पॉटकेटचा संघ गेला की नेला?

माधव_ऱ्होडआयलंड
बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. बोस्टन रेड सॉक्स हा मेजर लीगचा, म्हणजे सगळ्यात वरच्या स्पर्धेतला संघ. त्याच्या हाताखाली मायनर लीगचे संघ, पोरं तयार करणारे. मायनरमधली सगळ्यात वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. 1973 पासून बोस्टनचा ट्रिपल-ए संघ आमच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट गावात होता, लाडाने 'पॉसॉक्स'. 2018 मध्ये मालकांनी जाहीर केलं, आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला चाललो. 2021 पासून तो वुस्टरचा.

माझ्या मते ही चक्क पळवापळवी. 1977 साली संघ दिवाळखोरीत होता तेव्हा बेन माँडर या कापडगिरणीवाल्याने तो घेतला, तिकीट स्वस्त ठेवलं, आणि 2005 मध्ये वर्षाचे प्रेक्षक 6 लाख 88 हजारांवर गेले. 2010 मध्ये माँडर वारले, 2015 मध्ये संघ विकला गेला, आणि नव्या मालकांना लगेच नवं स्टेडियम हवं झालं.

पॉटकेटच्या मकॉय स्टेडियममध्ये डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या पायाखाली होतं. पोरं दुधाचा रिकामा कॅन कापून त्यात चेंडू आणि पेन ठेवायची आणि दोरीने खाली सोडायची. खेळाडूने सही केली की वर ओढायचं. आडातून पाणी शेंदावं तशी सही शेंदायची. माझ्या मुलीकडे असे चार चेंडू आहेत. चारही सह्या वाचता येत नाहीत, तो भाग वेगळा.

हिशेबनीस
माधवराव, वाईट वाटणं समजतं. पण संघ पॉटकेटचा होता कधी? खेळाडू बोस्टनचे, कोच बोस्टनचे, त्यांचे पगारही बोस्टन देणार. गावातल्या मालकाच्या हातात मैदान, तिकिटं आणि हॉटडॉग. बोस्टनला गरज पडली की तुमचा लाडका बॅटर उद्या तिकडे. रोपवाटिकेतल्या रोपावर कोणी नाव कोरतं का?

आणि मकॉय 1942 सालचं. पॉटकेटमधल्या नव्या स्टेडियमची योजना 8 कोटी 30 लाख डॉलरची होती, त्यातले साडेचार कोटी मालकच घालणार होते. मग पळवलं कसं? तुमच्या विधानसभेने घोळ घातला.

अर्धी_भाकरी
घोळ का घातला तेही सांगा की. कर्ट शिलिंग, बोस्टनचाच माजी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीला 2010 मध्ये राज्याच्या हमीवर साडेसात कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, 2012 मध्ये कंपनी बुडाली. दुधाने तोंड पोळलेलं राज्य ताक फुंकून पिणार नाही तर काय! म्हणून 2018 च्या विधेयकातून राज्याची हमी काढली. थोडक्यात, रेड सॉक्सच्या एका माणसाने तिजोरी जाळली आणि त्याची किंमत रेड सॉक्सच्याच धाकट्या संघाच्या गावाने मोजली.

हिशेबनीस
हे मात्र खरं. ताकाचं मान्य. :)

माधव_ऱ्होडआयलंड
'संघ पॉटकेटचा कधी होता' म्हणे. 18 एप्रिल 1981, रॉचेस्टरविरुद्धचा सामना. सामना नऊ डावांचा, बरोबरी झाली तर पुढे चालू. नऊ डावांत 1-1. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने एक धाव काढली, तर आमच्या वेड बॉग्जने बरोबरी केली. थंडी एवढी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात जाळून शेक घेतला. पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 डावांनंतर सामना थांबवला तेव्हा स्टेडियममध्ये 19 प्रेक्षक होते. ते 19 जण बोस्टनचे नव्हते हो. उरलेला खेळ 23 जूनला झाला, 18 मिनिटांत आटोपला. मेजर लीगचा तेव्हा संप, त्यामुळे देशभरचे पत्रकार पॉटकेटला. व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांब सामना, 8 तास 25 मिनिटं.

हिशेबनीस
आणि त्यातून पुढे कोण गेलं? तुमचा बॉग्ज, समोरचा कॅल रिपकन. दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. पॉटकेटला जिंकून देणारा फटका ज्याने मारला तो डेव्ह कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. ही व्यवस्थाच अशी आहे. तिथे गावाची माया चालत नाही.

अर्धी_भाकरी
अहो, कोझा हाच तर माधवरावांचा मुद्दा! बॉग्ज बोस्टनचा. कोझा कोणाचा?

श्रूजबरीची_मावशी
मी वुस्टरच्या शेजारच्या गावात राहते. तुम्ही सगळे आम्हाला चोर ठरवून मोकळे झालात. वुस्टर शहराने पोलर पार्क या नव्या स्टेडियमसाठी कर्ज काढलं, ते फेडायचं वुस्टरलाच आहे, फुकट काही मिळालेलं नाही. आणि 2021 मध्ये मेजर लीगने मायनरचे संघ 160 वरून 120 वर आणले. लोवेल स्पिनर्स हाही बोस्टनचाच धाकटा संघ, त्याचं नातं तोडून टाकलं. लोवेललाही गिरण्यांचाच इतिहास, त्यांच्यासाठी कोणी धागा काढला नाही. नातवाला घेऊन मी दर उन्हाळ्यात दोन-तीनदा जाते. तिकीट बोस्टनच्या फेनवे मैदानापेक्षा परवडतं. त्याला पॉटकेट माहीतही नाही.

माधव_ऱ्होडआयलंड
मावशी, तुमच्यावर राग नाही. लोवेलचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. राग याचा की निरोपही धड झाला नाही. 2020 चा शेवटचा हंगाम कोविडने खाल्ला, एकही सामना नाही. त्या उन्हाळ्यात मकॉयच्या मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवायला बोलावलं होतं. आम्हीही गेलो. मुलगी हॉटडॉग अर्धा टाकून डगआउटच्या पायऱ्या उतरली आणि खालून वर बघत राहिली. इतकी वर्षं ती वरूनच दोरी सोडत होती ना.

हिशेबनीस
व्यवस्थेबद्दलचं माझं मत तेच. पण चेंडू जपून ठेवा. एखादी सही बॉग्जनंतरच्या कुठल्या कोझाची निघेल.