मदत हवी आहे : कार्यक्रम चालू असतानाच तबल्याचा सूर उतरतो

नमस्कार. मी कोल्हापुरात नोकरी सांभाळून हौसेने अभंग आणि भावगीतांच्या कार्यक्रमांना तबल्याची साथ करतो. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या मांडवात, घरून काळी एक या पट्टीला नीट लावून नेलेला माझा सव्वापाच इंची तबला तिसऱ्या अभंगापर्यंत जवळजवळ अर्ध्या सुराने उतरला आणि गायिका आलाप घेत असतानाच मला गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडी चालवावी लागली. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, पण त्यांची लय मोडली याचे मला आजही वाईट वाटते.

चामडे हवेतला ओलावा शोषून सैल पडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढच्या कार्यक्रमाला मी तबला हॅलोजनच्या दिव्याजवळ ठेवला. सूर चढला खरा, परंतु शाईच्या (चामड्यावरच्या काळ्या गोल थराच्या) कडेला केसाएवढी चीर गेली आणि आता ‘तिट’ हे बोल वाजवताना तिथे बारीक खरखर ऐकू येते. बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोकूनही पाहिले, पण वादीच (चामडे ताणून धरणारी पट्टी) पूर्वीसारखी ताण धरत नाही.

अशी चिरलेली शाई दुरुस्त होते, की नवी पुडीच (शाईसकट वरचे चामडे) चढवावी लागते? उघड्या मांडवात वाजवणारे जाणकार ओलाव्यापासून तबला कसा जपतात? दुसरा तबला सोबत न्यावा, हे मलाही पटते. मात्र दोन्ही एकाच हवेत उतरणार असतील तर त्याचा उपयोग किती? तंतुवाद्यांसाठी मिरज प्रसिद्ध आहेच, पण तिथे किंवा कोल्हापुरात तबल्याची पुडी मन लावून चढवून देणारे कारागीर कोणत्या भागात भेटतील, हेही कृपया सांगावे.